कोणत्या घटनेनं सूट दिली? देवस्थानांच्या विश्वस्तांना खुले पत्र

राज्यातील सार्वजनिक देवस्थाने, मठ, धर्मशाळा आणि ज्ञातिसंस्था यांच्या विश्वस्त मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले काही जण मला चेहऱ्यानं ओळखतील. धर्मादाय कार्यालयात निरीक्षक म्हणून मी ३१ वर्षं काढली. बदल अर्ज घेऊन तुम्ही यायचात, हिशेबपत्रकं उशिरा दिल्याबद्दल दिलगिरीचं पत्र जोडायचात आणि निघताना प्रसादाचा पुडा टेबलावर ठेवायचात. तो पुडा मी खोलीतल्या सगळ्यांना वाटत असे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पत्र अर्धं वाचून झाल्यावर कुणाला तरी त्याची आठवण व्हायची.

निवृत्तीनंतर तुमच्या दप्तरात डोकं घालायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ते मोडलं पुतणीच्या लग्नामुळे.

मुलगी इंजिनिअर, मुलगा तिच्याच कंपनीतला. आम्ही मराठा, मुलाकडचे बौद्ध. दोन्ही घरांनी थोडी कुरकुर केली, मग होकार दिला. नोंदणी विवाह आधी उरकायचा आणि रविवारी दोन्हीकडच्या लोकांना जेवायला बोलवायचं, असं ठरलं. तालुक्याच्या गावी एका देवस्थानाचं मोठं सभागृह आहे. पार्किंग चांगलं, भांडी त्यांचीच, भाडं परवडणारं. मी अनामत भरली, पावती घेतली. भटजी नको होते, मंगलाष्टका नव्हत्या, देवळाच्या आवारातही कुणी जाणार नव्हतं. दोनशे पानांचं जेवण, आचारी आमचा, एवढाच कार्यक्रम.

पत्रिका छापून आल्या आणि रीतीप्रमाणे एक पत्रिका व्यवस्थापकांना नेऊन दिली. मुलाकडच्या पत्रिकेवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते. तिसऱ्या दिवशी फोन आला, सभागृहाची दुरुस्ती निघाली आहे, अनामतीचा चेक पाठवतो. लग्न दुसऱ्या हॉलवर झालं, चांगलं झालं. त्याच रविवारी त्या देवस्थानाच्या सभागृहात एक साखरपुडा झाला. हे मला मंडपवाल्यानं सांगितलं, कारण दोन्हीकडे मंडप त्याचाच होता.

मी भेटायला गेलो. व्यवस्थापक अवघडले होते, माणूस वाईट नाही. दुरुस्तीची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही. म्हणाले, "काका, तुम्ही तर खात्यातलेच. आमची धार्मिक संस्था. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, याची सूट आम्हाला घटनेनंच दिली आहे."

मी विचारलं, "कोणत्या घटनेनं?"

त्यांनी मागच्या कपाटाकडे हात केला. म्हणजे न्यासाची घटना. आमच्या धंद्यातली ही एक गंमतच आहे. प्रत्येक न्यासाच्या नियमावलीला आपण घटना म्हणतो आणि देशाच्या संविधानालाही घटनाच म्हणतो. बोलता बोलता एकीचा अधिकार दुसरीच्या खात्यात कधी जमा होतो, ते कळत नाही. ती कपाटातली घटना मी नोकरीत असताना वाचली होती. उद्देशाच्या कलमात लिहिलं आहे की येणाऱ्या सर्व भाविकांची निवासाची व भोजनाची सोय करणे आणि मंगल कार्यासाठी जागा उपलब्ध करून देणे. जातीचा शब्द कुठेही नाही. मी तेवढं बोललो आणि उठलो. नंतर एका विश्वस्तांचा फोन आला. त्यांनी देशाच्या घटनेचं नाव घेतलं, अनुच्छेद २६. धार्मिक संप्रदायाला धर्माच्या बाबतीतला आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क आहे, हे त्यांनी पाठ म्हणून दाखवलं.

पाठ बरोबर होतं. असा हक्क आहे, आणि तो असावा असं मलाही वाटतं. म्हणूनच हे पत्र एका देवस्थानाच्या पत्त्यावर न पाठवता सगळ्यांना लिहितो आहे. "आम्हाला सूट आहे" हे वाक्य हल्ली मी चार ठिकाणी ऐकलं. भक्तनिवासाच्या खिडकीवर ऐकलं, एका ज्ञातीच्या वसतिगृहात ऐकलं, अन्नछत्राच्या रांगेत ऐकलं. सूट कशाला आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

थोडं मागे जाऊ. धर्मशाळा आणि देऊळ यांचा विचार वेगवेगळा करायला आपण संविधानाच्या पुष्कळ आधी शिकलो होतो. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. देवळांचा उल्लेख त्यात नाही. बोल्यांनी लढा निवडला तो पाण्याचा आणि निवाऱ्याचा. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. इथवर शाळेच्या पुस्तकात असतं.

पुढचं कमी लोकांना माहीत असतं आणि आपल्या कामाचं तेच आहे. त्या डिसेंबरात महाडच्या काही मंडळींनी दिवाणी दावा लावला. तळं सार्वजनिक नाहीच, आमच्या खाजगी मालकीचं आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट फार जुनी आहे, असंही. हा दावा नऊ वर्षांहून जास्त चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठानं तो फेटाळला. वगळण्याची तशी वहिवाट दावेदारांना सिद्ध करता आली नाही. माझ्या टेबलावरून गेलेल्या अर्जांत "ही जागा खाजगी आहे" आणि "ही आमची परंपरा आहे" ही दोन वाक्यं इतक्यांदा जोडीनं आली आहेत की महाडचा दावा मला जुना वाटतच नाही.

पंढरपूरला १ मे १९४७ रोजी साने गुरुजी उपोषणाला बसले, दहा दिवसांनी बडव्यांनी हरिजनांना प्रवेश द्यायचं मान्य केलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतानं मंदिरप्रवेशाचा कायदा केला आणि १९५६ मध्ये तो अधिक व्यापक केला. हिंदूंच्या कोणत्याही वर्गाला खुलं असलेलं सार्वजनिक देवस्थान सगळ्या वर्गांना खुलं राहील, रूढी काहीही असो, आणि अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल, असं तो सांगतो. साठ वर्षं हा कायदा कपाटात होता. १ एप्रिल २०१६ ला उच्च न्यायालयानं शनिशिंगणापूरच्या प्रकरणात सरकारला त्याची आठवण करून दिली. याचिका विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांची होती. आठवड्यानं, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला. त्या दिवशी सकाळी काय झालं आठवतं ना? चौथऱ्यावर कुणीच जायचं नाही, अशी विश्वस्तांची बंदी होती. ती झुगारून पुरुषांचा जमाव वर गेला आणि देवाला पाणी घालून आला. त्यानंतर बायकांना थांबवायला तोंड उरलं नाही.

आता तुमच्या अनुच्छेद २६ कडे येतो.

आपला सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा. तो आला तेव्हा काही जैन विश्वस्तांनी त्याला आव्हान दिलं. सरकार धर्मात ढवळाढवळ करतं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, रतिलाल गांधी यांच्या त्या खटल्यात, काही तरतुदी खरोखरच रद्द केल्या. धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त नेमण्याची तरतूद गेली. पण त्याच निकालात एक रेघही ओढून दिली. पूजा कशी करायची, कोणते विधी, कोणते मंत्र, कोणता नैवेद्य, हे संप्रदायानं ठरवायचं, त्यात सरकारनं बोट घालायचं नाही. मालमत्ता, भाडं, हिशेब, देणगी, हे सगळं कायद्याप्रमाणे चालेल. आमचं कार्यालय त्या रेघेच्या अलीकडे बसतं. ३१ वर्षांत मी एकाही देवळाला आरतीची वेळ विचारली नाही.

मग प्रवेशाचं काय? दारातून कुणी आत यायचं, हा धर्माचा प्रश्न की मालमत्तेचा? याचं उत्तर ज्या खटल्यात मिळालं त्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. मंगळूरच्या वर मुल्की नावाचं गाव आहे. तिथलं वेंकटरमणाचं देऊळ गौड सारस्वत ब्राह्मणांचं, म्हणजे मूळ गोव्याकडून खाली उतरलेल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या लोकांचं. मद्रास सरकारनं मंदिरप्रवेशाचा कायदा केला तेव्हा तिथले विश्वस्त म्हणाले, आमचं देऊळ एका संप्रदायाचं आहे, आम्हाला हा कायदा लागू होत नाही. तुम्ही म्हणता तेच, फक्त अधिक अभ्यास करून.

१९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो विश्वस्तांनी दोनदा वाचावा असा आहे. न्यायालयानं सारस्वतांचं बरंच म्हणणं मान्य केलं. होय, देऊळ संप्रदायाचं आहे. होय, देवळात कुणी यावं हासुद्धा धर्माच्या कारभाराचाच भाग आहे, हे आगमशास्त्रावरून, म्हणजे देवळांच्या पूजाविधींच्या शास्त्रावरून, दिसतं. इथे विश्वस्तांना वाटलं असेल की जिंकलो. पण पुढे न्यायालय म्हणालं की अनुच्छेद २५ च्या दुसऱ्या खंडात सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार सरकारला दिला आहे आणि २६ चा हक्क त्याच्या खाली येतो. दार उघडावंच लागेल. आणि शेवटी न्यायालयानं सारस्वतांना काही राखूनही ठेवलं. ठरावीक प्रसंगी, ठरावीक विधींच्या वेळी, फक्त संप्रदायाची माणसं आत असतील. बाकीच्यांचा दर्शनाचा हक्क त्यानं पोकळ होत नसेल तर एवढं चालेल. पुजाऱ्यानंच करायची सेवा मीच करणार, किंवा देऊळ अष्टौप्रहर उघडं पाहिजे, असा हट्ट कुणालाही धरता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

सूट ती एवढी आहे. विधीपुरती आहे, वेळेपुरती आहे, गाभाऱ्याच्या आसपासची आहे. मुल्कीच्या विश्वस्तांनी ती लढून मिळवली. त्या सुटीवर दोनशे पानांच्या जेवणाचा हॉल कसा बसवायचा, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

तुमच्या बाजूचे दोन खटले आहेत, तेही लपवत नाही. अहमदाबाद मुंबई राज्यात होतं तेव्हाची गोष्ट. स्वामिनारायण पंथाच्या मंडळींनी १९४८ मध्ये दावा लावला की आम्ही हिंदूच नाही, मग तुमचा मंदिरप्रवेश कायदा आम्हाला कसा लागू? १९६६ साली सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी, आपल्या साताऱ्याच्या माणसानं, तो दावा फेटाळला. हिंदू कुणाला म्हणावं याची चर्चा त्या निकालात इतकी लांब आहे की पुढे सगळे तेवढीच वाचू लागले. ही सगळी धडपड दलितांना आत न घेण्यासाठी होती, हे मागे पडलं. म्हणजे हा खटला तुमच्या बाजूचा म्हणावा तर तो तुम्ही हरलेला आहे. दुसरा मात्र तुमच्या बाजूचाच. समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा १९४९ चा मुंबईचा कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी न्यायालयात नेला आणि १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मतानं तो रद्द झाला. बहिष्कृत करण्याचा अधिकार हा धर्मकारभाराचा भाग, असं बहुमत म्हणालं. सरन्यायाधीश सिन्हा यांचं एकट्याचं मत विरोधात होतं. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो निकाल पुन्हा तपासायला मोठ्या पीठाकडे पाठवला, ज्याच्याकडे शबरीमलाचे प्रश्नही आहेत. त्याचं काय व्हायचं ते होईल. पण तोही खटला धर्मगुरू आणि त्याचे अनुयायी यांच्यातला आहे. बोहरा समाजाबाहेरच्या माणसाला भाड्यानं जागा द्यायची की नाही, असा प्रश्न तिथे नव्हताच.

एक शंका येईल: मग अग्यारीत बिगरपारशांना जाऊ देत नाहीत त्याचं काय? काही नाही. अग्यारीच्या दारावर पाटी असते आणि आत फक्त पूजा चालते. ते कुणाकडून भाडं घेत नाहीत, रस्त्यावर फलक लावून "लग्न, मुंज, वाढदिवसासाठी संपर्क साधा" म्हणत नाहीत. त्या पाटीसमोरून मी शेकडो वेळा गेलो आहे आणि अपमान झाल्यासारखं कधी वाटलं नाही. याउलट हाजी अलीला २०१२ च्या सुमारास बायकांना मजारीपाशी जायला बंदी झाली. त्याआधी त्या जात होत्या. चार वर्षांची बंदी न्यायालयात परंपरा म्हणून उभी राहिली. २६ ऑगस्ट २०१६ ला उच्च न्यायालयानं ती उठवली.

गुरुजींबद्दलही बोललं पाहिजे, कारण लोक तिथे गल्लत करतात. एखादे पुरोहित म्हणाले की आंतरधर्मीय विवाह माझ्या हातून वैदिक पद्धतीनं होणार नाही, तर मी त्यांना नमस्कार करून दुसरीकडे जाईन. मंत्र त्यांच्या तोंडून निघायचे आहेत, श्रद्धा त्यांची आहे. मौलवी, पाद्री, भंते यांचंही तसंच. कुणाच्या तोंडात पोलिसानं मंत्र घालू नयेत. पण गावभर दक्षिणा घेऊन सत्यनारायण सांगणारे गुरुजी एका विशिष्ट वस्तीचं नाव निघालं की "तारीख नाही" म्हणतात, तिथे माझी सहानुभूती संपते. कायद्याचीही संपते. नेहमीच्या व्यवहारात देता ती सेवा अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणं हा १९५५ पासून गुन्हा आहे.

त्याच नागरी हक्क संरक्षण कायद्याचं चौथं कलम तुमच्यापैकी किती जणांनी वाचलं आहे? धर्मशाळा, मुसाफिरखाने त्यात आहेत. सर्वसाधारण जनतेच्या किंवा तिच्या एखाद्या विभागाच्या लाभासाठी असलेल्या धर्मादाय न्यासाचा कोणताही लाभ, हे शब्द त्यात आहेत. शिक्षा किमान एक महिना, जास्तीत जास्त सहा. आणि अडवलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर अस्पृश्यतेच्याच कारणावरून अडवला असं न्यायालय गृहीत धरतं, तसं नव्हतं हे अडवणाऱ्यानं दाखवायचं. "दुरुस्ती निघाली" म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला या बाराव्या कलमाची कल्पना विश्वस्तांनी द्यायला हवी होती. तुरुंगात जायची वेळ आली तर तो पगारी माणूस जाईल.

आम्ही तक्रार का केली नाही, असं विचाराल. पुतणी म्हणाली, काका, संसाराची सुरुवात पोलीस ठाण्यापासून नको. मुलाचे वडील म्हणाले, आम्हाला हे नवीन नाही. दुसरं वाक्य मला जास्त लागलं.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याला हा प्रकार सांगितला तेव्हा त्यानं तिथलाच एक खटला सांगितला. समुद्रकिनाऱ्यावर ओशन ग्रोव्ह नावाची मेथडिस्ट ख्रिस्ती लोकांची वसाहत आहे, १८६९ मध्ये वसवलेली. जमीन संस्थेची. किनाऱ्यालगतच्या लाकडी फिरण्याच्या वाटेवर एक चहूबाजूंनी मोकळा मंडप आहे. तिथे प्रार्थना होत आणि लग्नांसाठी तो लोकांना भाड्यानंही मिळे. ही जागा सर्वांना खुली आहे असं सांगून संस्थेनं राज्याच्या एका योजनेखाली तिच्यावर करसवलत घेतली होती. २००७ मध्ये दोन स्त्रियांनी आपल्या सहजीवनाच्या समारंभासाठी मंडप मागितला. आमच्या धर्माला मान्य नाही, म्हणून संस्थेनं नकार दिला. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेलं, २०१२ मध्ये निर्णय संस्थेच्या विरुद्ध लागला. त्या मंडपापुरती करसवलत आधीच गेली होती. त्यांच्या पाद्र्यानं ते लग्न लावावं, असं मात्र कुणी म्हटलं नाही. त्यांच्या प्रार्थनागृहाला कुणी हात लावला नाही. अमेरिकेत या विषयावर फार भांडणं चालतात, केक करणाऱ्या बेकरीवाल्यापासून संकेतस्थळं बनवणाऱ्यापर्यंत खटले वरच्या न्यायालयात गेले आणि दोन्ही बाजू हातघाईवर आहेत. ते सगळं आपल्याला नको. पण मंडपाची गोष्ट मला आपलीच वाटली, कारण तिथेही प्रश्न शेवटी पावतीपुस्तकाशी आला.

आपल्या पावतीपुस्तकावर "८०जी अन्वये सवलत" असा शिक्का असतो, म्हणजे देणगी देणाऱ्याला आयकरात सवलत. ती मान्यता घेताना, संस्था एखाद्या विशिष्ट धर्माच्या समाजापुरती किंवा जातीपुरती नाही, अशी अट असते, आणि तुम्ही ती मान्य करून सही केलेली असते. आयकराच्या कागदावर सगळ्यांचे आणि बुकिंगच्या वहीत आपल्यापुरते, असं दोन्ही कसं जमतं? शिवाय किती सभागृहांच्या दर्शनी भिंतीवर "आमदार निधीतून" अशी संगमरवरी पाटी आहे, ते जरा मोजा. तिकडे अनुच्छेद १५ चा दुसरा खंड लागतो. अंशतः जरी सरकारी पैशातून चालणारी किंवा सर्वसाधारण लोकांसाठी ठेवलेली जागा असेल, तर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवायचं नाही. हा खंड फक्त सरकारला बांधत नाही, तुम्हा-आम्हालाही बांधतो. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला यातल्या "दुकान" या शब्दावर प्रश्न आले तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की शब्द व्यापक अर्थानं घ्यायचा, अटी मान्य असणाऱ्याला जो आपली सेवा देऊ करतो त्याचं ते दुकान. तुमच्या अटी मला मान्य होत्या. अनामत भरली होती.

पुतणीच्या सासरचे बौद्ध होते म्हणून निदान नागरी हक्क कायदा तरी होता. उद्या मुस्लिम किंवा ख्रिस्ती जावई असता आणि हॉलवाल्यानं धर्माकडे बोट दाखवलं असतं तर? संविधानात मनाई आहे, पण त्यावर चटकन बोट ठेवून दाद मागता येईल असा सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्धचा एक कायदा आपण अजून केलेला नाही. तुमच्या सौजन्यावरच भिस्त. म्हणून तर पत्र तुम्हाला लिहितो आहे, विधिमंडळाला नाही. तिथे मला कोण विचारतो?

मागणं फार नाही. येत्या विश्वस्त सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या. आपली कोणती जागा विधीची आणि कोणती भाड्याची, हे कागदावर लिहा. गाभारा, सोवळ्यातला स्वयंपाक, उत्सवातली मानाची पूजा, संप्रदायाची दीक्षा, हे सगळं विधीत धरा, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. भक्तनिवास, सभागृह, अन्नछत्र, वाहनतळ, पाण्याची टाकी, रुग्णवाहिका हे दुसऱ्या बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूचे नियम खिडकीवर लावा. मांसाहार चालणार नाही, दारू चालणार नाही, दहानंतर वाजंत्री बंद, हे जरूर लिहा, ते सगळ्यांना सारखं लागू आहे आणि मला त्यात गैर दिसत नाही. आमच्या पत्रिकेत तर पुरणपोळी होती. बुकिंगच्या अर्जातला जातीचा रकाना काढा. तो रकाना कशासाठी आहे, हे मी तीन देवस्थानांत विचारलं. एकानं सांगितलं, पूर्वीपासून आहे. दुसऱ्यानं सांगितलं, छापखान्यात तोच नमुना होता. तिसरे हसले.

आणि ज्यांना खरोखर वाटतं की आमचं सभागृह आमच्या ज्ञातीपुरतंच असावं, त्यांनीही ते उघडपणे लिहावं. बदल अर्ज करून उद्देशाच्या कलमात घालावं, पावतीवरचा शिक्का काढावा, भिंतीवरची संगमरवरी पाटी उतरवून निधी परत करावा आणि रस्त्यावरचा फलक खाली घ्यावा. मग कायदा त्यांच्याकडे कसा पाहील ते पाहू, पण निदान आमच्यासारख्याला पत्रिका छापण्याआधी कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त निरीक्षक

ता. क. हे फक्त त्या एका देवस्थानासाठी. तुम्ही पाठवलेला अनामतीचा चेक मी बँकेत भरला नाही. तीन महिन्यांची मुदत उलटून गेली, म्हणजे रक्कम अजून तुमच्याच खात्यात आहे. नवीन चेक नको. ती अन्नछत्राकडे जमा करा आणि पावती मुलाच्या वडिलांच्या नावे फाडा. नाव पत्रिकेवर आहे.